सहनशीलता नव्हे, धाडस म्हणा

मे महिन्याचा दुसरा रविवार आला की आमच्या नगर जिल्ह्यातल्या चर्चांमधून आयांचा सत्कार होतो. पाळकसाहेब नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय काढतात. शब्बाथशाळेची पोरं प्रत्येक बाईच्या हातात एकेक गुलाब देतात. मग कमिटीतले कुणीतरी वडीलधारे उभे राहून भाषण करतात आणि त्या भाषणात एक शब्द हमखास येतो : सहनशीलता. आमच्या आया किती सहनशील! उपाशी राहिल्या, सोसलं, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. बायका पदरानं डोळे पुसतात. चहा होतो. सत्कार संपतो.

मी चाळीस वर्षं हे भाषण ऐकते आहे. आता मला त्याचा राग येतो. आमच्या आयांनी सोसलं, हे खरं आहे. पण तोंडातून शब्द काढला नाही, हे साफ खोटं आहे. त्या बोलल्या, भांडल्या, आडव्या पडल्या, सह्या केल्या, घर सोडून निघाल्या. ज्याला धाडस म्हणायचं त्याला आपण सहनशीलता म्हणतो. याचं कारण सरळ आहे. सहनशील बाईला गुलाब दिला की भागतं. धाडसी बाईला तिचा हक्क द्यावा लागतो.

आधी गावाचा हिशेब करते, मग घरचा.

आमच्या आळीला गावात एक टोमणा ठरलेला होता : 'हे मिलोवर बाटलेले.' कधी मिलोच्या जागी पावडरचं दूध यायचं. मिशनवाल्यांनी धान्य दिलं म्हणून यांनी देव बदलला, असा त्याचा अर्थ. आज शिकलीसवरलेली माणसंही हेच जरा बऱ्या भाषेत बोलतात. त्यांना माझा एक साधा प्रश्न आहे. साठच्या दशकात आणि पुढं १९७२च्या दुष्काळात अमेरिकेचा तो लाल मिलो रेशनवर आला, तेव्हा तो फक्त आमच्या आळीनं खाल्ला होता का? पाटलाच्या वाड्यातही त्याच्याच भाकरी थापल्या जात होत्या. दुष्काळी कामावर खडी फोडून सगळ्या गावानं रांगेत उभं राहून सुकडी घेतली. गाव कुठं बाटलं? धान्य सगळ्यांनी खाल्लं आणि बाटल्याचा शिक्का एकाच आळीवर बसला.

उलट आमच्या लोकांनी धान्य सोडलं होतं. माझी आजी सांगायची, तिच्या सासऱ्यानं आणि सासूनं येशूचं नाव घेतलं तेव्हा मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. त्याबरोबर बलुतं बंद झालं. सुगीच्या दिवसांत खळ्यावर गेलं तर पाटी रिकामी परत यायची. आजीच्या सासूला लोक म्हणाले, "पोरं उपाशी मारशील." ती म्हणाली, "मरतील तर माणसावानी मरतील." घरात दाणा नसताना घरातल्या बाईनं घेतलेला हा निर्णय आहे. चूल तिच्याकडं होती, रडणारी पोरं तिच्या मांडीवर होती. पुरुषानं चावडीवर 'नाही' म्हणणं एक आणि बाईनं रिकाम्या डब्याकडं बघत 'नाही' म्हणणं दुसरं.

या घराण्यात आजी आली तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. नगरात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. मुलींना शिकवायचं वेड त्या लोकांना फार आधीपासून होतं. १८२७ साली मुंबईत उतरलेल्या सिंथिया फरार पुढं नगरला मुलींची शाळा चालवत होत्या. ती शाळा बघूनच जोतीरावांच्या मनानं घेतलं, हे आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. पण आजीपर्यंत ते शिक्षण कुणा गोऱ्या मिसबाईनं आणलं नाही. ते आणलं एका बायबलबाईनं. ती आमच्यासारखीच गावकुसाबाहेरची विधवा होती. खांद्याला पिशवी लावून ती उन्हातान्हात वाड्यावस्त्या फिरायची. तिनं दुपारच्या वेळी, दळण झाल्यावर, आजीला पाटीवर बाराखडी काढायला शिकवली. आजीला पुढं शुभवर्तमान वाचता येऊ लागलं. एकेक शब्द बोटानं दाबून धरत वाचायची, जणू सुटून पळेल.

ती दोन अक्षरं कुठं उपयोगी पडली ते ऐका. ओढ्याच्या कडेला आमच्या लोकांची मूठमाती द्यायची जागा होती. पिढ्यानपिढ्या वहिवाट होती, कागद नव्हता. शेजारच्या शेतकऱ्यानं एके वर्षी ती जागा चोपून सारवून खळं केलं. त्याच माघात आजीचं तान्हं लेकरू गेलं. माझा तो काका म्हणायचा, नाव ठेवायच्या आधीच गेलेला. पुरुष मंडळी ते गाठोडं घेऊन ओढ्यावर गेली तर खळ्यात पात चालू होती. शेतकरी म्हणाला, दुसरीकडं बघा. पुरुष परत फिरले. वाद नको, उद्या पाटलाला भेटू, असं ठरलं. आजी बाळंतीण होती, पण उठली आणि जाऊन खळ्याच्या मध्यात आडवी पडली. म्हणाली, "ह्या मातीत माझं लेकरू जायचंय. मळणी करायची आसंल तर माझ्या अंगावरनं पात हाना." दिवस मावळेपर्यंत ती उठली नाही. शेवटी बैल सुटले. अंधारात लेकराला माती मिळाली.

गोष्ट इथं संपत नाही, आणि भाषणं करणाऱ्यांना पुढचा भाग कधी आठवत नाही. आठ दिवसांनी आजी त्या बायबलबाईला बरोबर घेऊन चालत तालुक्याला गेली. जागेबद्दल अर्ज लिहून दिला. कारकुनानं शाईचा पॅड पुढं केला, तर म्हणाली, "सही करते." तो अर्ज कुठल्या कुठल्या टेबलांवरून फिरला देव जाणे. पण वर्षं गेली आणि जागेची नोंद दफनभूमी म्हणून झाली. आज आमचं अख्खं गणगोत तिथं निजलंय.

पुढं आमच्या चर्चची स्मरणिका निघाली. गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ. तीत दफनभूमीबद्दल एक ओळ आहे. तत्कालीन कमिटीच्या प्रयत्नांनी जागा मिळाली, असं त्या ओळीत लिहिलंय. जी कमिटी त्या दिवशी गाठोडं घेऊन परत फिरली होती, तिचं नाव छापलं गेलं. आजीचा फोटो मात्र आहे, शेवटच्या पानावर, 'आमच्या सहनशील माता' या मथळ्याखाली.

हा माझा घरचा हिशेब.

आता आईचं सांगते. आई मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकली आणि सरकारी उपकेंद्रावर लागली. पाच-सहा गावं तिच्याकडं. नर्सबाई म्हणत तिला. दिवसा त्याच गावात ती पाणी मागायची तेव्हा बाया तिच्या ओंजळीत वरून पाणी धरायच्या. भांडं द्यायच्या नाहीत. रात्री दोन वाजता त्याच घरचा गडी कंदील घेऊन दारात उभा राहायचा, "बाई, पोरगी अडलीया." आई बॅटरी आणि पेटी घ्यायची नि निघायची. विंचूकाट्याची वाट, ओढ्याला पाणी, सोबत अनोळखी माणूस. जाताना उंबऱ्यात थांबून ती अर्धा मिनिट डोळे मिटायची, बस. तिची प्रार्थना तेवढीच. मग ज्या हातांना भांडं चालत नव्हतं त्याच हातांत त्या घराचा वंश पहिल्यांदा रडायचा.

मी एकदा चिडून विचारलं, "तू जातेस कशाला?" ती म्हणाली, "आडलेल्या बाईची जात नसती." मग थांबून म्हणाली, "आन् उद्या वरनं पानी घातलं तर घेनार नाय. सांगून आलेय." खरंच तिनं सांगितलं होतं. त्या घरानं दुसऱ्या दिवशी तांब्या दिला. सगळ्यांनी दिला असं नाही. काही घरांत ती शेवटपर्यंत तहानलेली परत आली, पण ओंजळ पुढं केली नाही. भाषणवाल्यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात. नुसतं 'शत्रूवर प्रीती केली' एवढंच सांगून तिचं अर्धं चरित्र कापू नये.

शाळेत माझं नाव घालताना हेडमास्तर तिला म्हणाले होते, "बाई, धर्माच्या रकान्यात हिंदू लिहा नि पुढं जात लिहा. पोरीला सवलत मिळेल." मास्तर भला माणूस होता, आमच्या भल्याचंच सांगत होता. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना नाकारल्या. पुढं १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. देव बदलला की गावानं पाणवठा खुला केला असता तर गोष्ट वेगळी. गावानं जात सोडली नाही आणि सरकारनं ती कागदावरून पुसली. आईनं रकान्यात 'ख्रिश्चन' लिहिलं. फी तिनं रात्रीच्या बाळंतपणांवर भरली नाही, कारण त्याचे पैसे ती घेतच नव्हती. ती भरली कानातली फुलं मोडून.

आमच्याच आळीतल्या दुसऱ्या एका आईनं हिंदू लिहिलं. तिची चार पोरं होती, नवरा नव्हता. रविवारी ती पोरांना घेऊन पहिल्या बाकावर बसायची. कमिटीतल्या काहींनी तिला ढोंगी म्हटलं. मी म्हणते, ती ढोंगी नव्हती. ढोंग त्या कागदाचं होतं. एकीनं नाव राखायला पैसा सोडला, दुसरीनं पोरं शिकवायला नाव गिळलं. दोघींनाही रात्री झोप लागली नसेल. बाहेरून बघणाऱ्यांनी त्यांतली खरी श्रद्धावान कोण, असा निकाल देऊ नये.

आमच्याकडं पंडिता रमाबाईंचा आणि लक्ष्मीबाई टिळकांचा फोटो पुष्कळ ठिकाणी लावलेला असतो. फोटोला हार घातला की त्या निरुपद्रवी होतात, असं आपल्याला वाटतं. जरा त्यांचं आयुष्य आठवा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काय नवऱ्यामागून मुकाट गेल्या? त्या वेगळ्या राहिल्या, रडल्या, भांडल्या, आणि स्वतःच्या मनाला पटलं तेव्हा, १९०० साली, ख्रिस्ती झाल्या. मधली पाच वर्षं हाच त्यांच्या श्रद्धेचा पाया आहे. जी बाई 'नाही' म्हणू शकते तिच्याच 'होय'ला किंमत असते.

रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तिथल्या धर्मगुरूंनी त्यांना सांगायला सुरुवात केली : पुरुषांना शिकवू नका, अमुक मानलंच पाहिजे, मुलीला अमुकच शिकवा. परक्या देशात, परक्यांच्या आश्रयाला, पदरात दोन-अडीच वर्षांची मनोरमा. अशा बाईनं काय करावं? रमाबाईंनी त्यांना स्पष्ट कळवलं, की मी ख्रिस्ताची झाले, तुमच्या हुकमाची नाही, आणि माझ्या मुलीचं काय ते मी ठरवीन. शब्द माझे आहेत, आशय त्यांच्या पत्रांतला. त्याच बाईनं पुढं दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या, केडगावला मुक्ती उभी केली आणि हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. मुक्तीतल्या बायांनीच खिळे जुळवले, छापखाना चालवला. अशा बाईला आपण 'सेवामूर्ती' म्हणतो. ती होतीच. पण आधी ती आज्ञाभंग करणारी होती, हे शब्बाथशाळेत कोण शिकवतं?

शिकवत नाहीत, कारण शिकवलं तर माझ्या मावशीचं काय केलं ते सांगावं लागेल. मावशीचा नवरा दारू पिऊन मारायचा. एकदा हात मोडला. वडीलधारी मंडळी घरी आली, चहा प्याली, म्हणाली, "बाई, ज्याचा त्याचा क्रूस असतो. वाहायचा." मावशी दोन पोरं घेऊन निघाली आणि एका बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात भाकरी थापायला लागली. वकिलाकडं गेली तर त्यानं १८६९चा घटस्फोटाचा कायदा उघडला. ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचार सिद्ध करून वर छळ किंवा सोडून जाणंही सिद्ध करायचं. नुसता मोडका हात पुरत नव्हता. मुंबई उच्च न्यायालयानं १९९७ साली हा भेदभाव रद्द ठरवला आणि संसदेनं २००१ साली कायदा बदलला. तोवर मावशीचे केस पांढरे झाले होते.

कायदा इंग्रजांचा होता, असं म्हणून सुटता येईल. पण नवऱ्याकडं परत जाईपर्यंत प्रभुभोजन घेऊ नकोस, हे तिला इंग्रजांनी सांगितलं नव्हतं. ते आपल्याच माणसांनी सांगितलं. मावशी दर रविवारी यायची, तिसऱ्या बाकावर बसायची, ताट पुढून जाऊ द्यायची. मी विचारलं, "कशाला येतेस इथं?" म्हणाली, "मानसानं ताट झाकलं म्हनून प्रभूनं झाकलंय व्हय?" याहून मोठी श्रद्धा मी पाहिली नाही. याहून मोठा आरोपही ऐकला नाही.

ख्रिस्तानं क्रूस स्वतःच्या खांद्यावर घेतला. शेजारणीच्या खांद्यावर ठेवून तिला चालायला लावलं नाही. एवढा फरक ज्याला कळत नाही त्यानं क्रुसावर प्रवचन करू नये.

आता काहीजण म्हणतील, "बाई, आपण मूठभर लोक. आधीच बाहेरचे टपलेले. घरातलं चव्हाट्यावर कशाला?" मला ही भीती समजते. प्रार्थना चालू असताना दार ठोठावलं की छातीत काय होतं ते मलाही माहीत आहे. पण गंमत बघा. बाहेरचा धोका आला की पुढं कोण असतं? दारात उभी राहून 'काय पायजे?' विचारणारी बाईच असते. दुखणाईताच्या घरी जाणारं, उपासाची प्रार्थना चालवणारं, मूठमूठ तांदूळ साठवून चर्चच्या पत्र्याचे पैसे देणारं महिला मंडळच असतं. संकटात जिच्या पाठीमागं उभं राहायचं, तिला शांततेच्या काळात मागच्या बाकावर बसवायचं, हा कुठला न्याय?

दुसरे म्हणतील, शास्त्रात स्त्रीला शांत राहायला सांगितलंय. मग शास्त्र सगळंच वाचा. मुलीसाठी येशूशी वाद घालणारी कनानी बाई वाचा. तिच्या उत्तरानं तो हरखला, रागावला नाही. दुसऱ्या शमुवेलातली रिस्पा वाचा. राजकारणापायी फाशी दिलेल्या लेकांच्या प्रेतांपाशी ती गोणताट अंथरून बसली, सुगीपासून पाऊस येईपर्यंत, दिवसा पाखरं नि रात्री श्वापदं हाकीत. राजालाच शेवटी लाज वाटली आणि हाडांना माती मिळाली. आयांच्या रविवारी रिस्पावर प्रवचन झालेलं मी आजवर ऐकलं नाही. आजीनं ऐकलं नव्हतं. तिनं ते खळ्यात करून दाखवलं.

आणि सत्कार करणाऱ्यांनी जमिनीबद्दलही बोलावं. ख्रिस्ती माणसाला १९२५चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. तरी आमच्याकडं बाप गेला की तेराव्याचा प्रश्न नाही, पण हक्कसोडपत्राचा असतोच. भाऊ साडीचोळी करतो, बहीण सही करते. आजीनं लेकरासाठी केलेली सही आणि नातींनी हक्क सोडताना केलेली सही, यांत किती अंतर पडलं! त्याच कायद्यात आईचं स्थान बघा. लेक मूलबाळ नसताना, मृत्युपत्र न करता गेला आणि बाप हयात असला, तर बायकोचा वाटा वगळून सगळं बापाचं. आईला दमडी नाही. बाप नसेल तर आई दिरंगाईनं आलेल्या पाहुणीसारखी, भावाबहिणींच्या बरोबरीची एक वाटेकरी. विधी आयोगानं २०१४ साली २४७व्या अहवालात हे बदला म्हणून सांगितलं. कायदा अजून तसाच आहे. मातेवर एवढी भाषणं करणाऱ्या आपल्या किती मंडळ्यांनी यासाठी एक साधा ठराव तरी केला?

माझं मागणं फार नाही. चर्च कमिटीत निम्म्या बायका घ्या, चहापाण्याच्या कामाला नव्हे, हिशेबाच्या वहीला. पुलपिटावर त्यांना उभं करा. दक्षिणेत चर्च ऑफ साऊथ इंडियानं २०१३ साली पुष्पा ललिता यांना नंद्यालच्या बिशप केलं, त्यानं आभाळ कोसळलं नाही. मार खाणारी बाई आली तर तिला क्रूस सांगू नका. पोलिस ठाण्यापर्यंत सोबत जा, आणि तिचं प्रभुभोजन तोडू नका. ज्या घरात बहिणीचं हक्कसोडपत्र लिहून घेतलं त्या घराचा सत्कार करू नका. बहिणींनो, तुम्हीही साडीवर सही करू नका. वाटा घ्या, मग हवा तर भावाला जेवायला बोलवा.

आणि घरात म्हातारी माणसं असतील तर आजच त्यांच्यापाशी बसा. कुठली जागा कुणी राखली, कुणाची फी कशी भरली, कोण कुठल्या रात्री कुठं चालत गेली, हे नावानिशी, गावानिशी लिहून घ्या. आमच्या चर्चची पुढची स्मरणिका निघेल तेव्हा दफनभूमीची ती ओळ दुरुस्त करा, असा अर्ज मी कमिटीला दिला आहे. उत्तर आलेलं नाही. मी दर महिन्याला नवा अर्ज देते, आणि खाली सही करते.